व्यवसाय : कुंभारकाम

हातात काम असेल तर ते खाली ठेवू नका, करता करता ऐका. आम्ही स्वतः रेडिओ ऐकतो तो माती मळतानाच.

आम्ही प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका गावच्या कुंभारवाड्यातल्या बाया. आमच्या बचत गटात आम्ही नऊजणी आहोत. आज माइकसमोर एकीचाच आवाज आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी ओट्यावर बसून ठरवलंय. म्हणून ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो.

कार्यक्रमाच्या ताईंनी विषय दिला, मातीच्या कामात आयुष्यभर टिकायचं कसं? विषय ऐकून आम्हाला आधी हसू आलं. टिकायचं कसं म्हणजे काय? आमच्यातल्या थोरल्या जाऊबाई लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मातीचं घमेलं दिलं, आणि ते अजून हातात आहे. पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांना कुणी विचारलंच नाही, टिकणार का म्हणून.

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती. जाऊबाई एका कामासाठी अर्ज भरायला गेल्या. टेबलामागच्या मुलाने विचारलं, “आजी, काय करता?” जाऊबाई बोलायच्या आधीच सोबतचे भाऊजी म्हणाले, “ती घरीच असते.” मुलाने लिहिलं, व्यवसाय : गृहिणी. जाऊबाई अंगठा न देता सही करतात. त्यांनी त्या कागदावर सही केली आणि घरी आल्या. रात्री आवा रचताना एवढंच म्हणाल्या, “पंचेचाळीस वर्षं मी घरीच होते म्हणे.”

म्हणून आज आम्ही टिकण्याविषयी बोलणार आहोत ते दोन अंगांनी. कामात टिकायचं कसं हे एक. आणि आपण टिकलो, हे कुणाच्या लेखी राहतं का, हे दुसरं.

आधी काम मोजू. तुमच्या घरातला माठ घ्या. माती आणायची, वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची, भिजत घालायची. त्यात लीद आणि राख मिसळायची, पायाने तुडवायची, हाताने मळायची. मग चाकावर चढवायची. चाकावरून उतरतो तेव्हा माठ जाड असतो, तळ उघडाच असतो. आतून गोळ्याचा टेका द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटणं मारत मारत तळ मिटवायचा, अंग पातळ करायचं. मग सावलीत सुकवायचा, गेरूचा हात द्यायचा, घोटायचा. आवा रचायचा, जाळायचा, निवल्यावर उघडायचा, एकेक माठ वाजवून बघायचा, बाजारात न्यायचा, विकायचा. आम्ही बोटं घालून मोजली. अठरा कामं भरली. त्यात चाकाचं काम एक. थापटण्याला घरातल्या कुणाचाही हात लागतो, आवा सगळे मिळून रचतात, पण बाकीचं बहुतेक काम बाईच्या अंगावर असतं. तरी ज्याचा हात चाकाला लागतो तो कुंभार, आणि उरलेलं सगळं करते ती कुंभाराची बायको.

हे आजचं नाही. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. तांबूस रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी असलेली मातीची भांडी तिथे मिळाली. अशी पातळ आणि पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. एका बाजूला लांब तोटी असलेलं भांडं ही त्यांची खास खूण. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे अशी खापरं मिळाली, तिथल्या त्या काळाला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणायला लागले. तीन हजार वर्षांपेक्षा जुना काळ आहे तो. शहरात शिकणारी मुलं आपल्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचतात, ते खापरामुळे.

तिथून खाली नदीनेच गेलं की श्रीरामपूरच्या बाजूला दायमाबाद लागतं. १९७४ साली तिथे ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. ते फार मोठं धन आहे, त्याची चर्चा जगभर झाली. पण दायमाबादला कोणत्या काळात कोण राहत होतं, हे थर लावून सांगितलं ते तिथल्या खापरांनी. त्या काळी लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घरातल्या जमिनीखालीच पुरायचे. ते रांजण साध्या, जाड मातीचे, हाताने घडवलेले असायचे. कुणी घडवले असतील, बाईने की बाप्याने, ते खापर सांगत नाही. आम्ही मात्र ते ऐकलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो.

आमचं म्हणणं एवढंच. खापराला गावाचं नाव मिळालं, संस्कृतीला नाव मिळालं, खोदणाऱ्याचं नाव राहिलं. घडवणाऱ्या हाताचं नाव राहिलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. आपल्याला येतं.

आता कामात टिकण्याचं सांगतो. आम्ही शिकलेल्या पाच गोष्टी आहेत. तुमच्यातल्या कुणी कुंभारकाम करत नसतील, पापड लाटत असतील, गोधड्या शिवत असतील, झाडू बांधत असतील, तर त्या गोष्टी आपापल्या कामाला लावून बघा.

पहिली गोष्ट माती. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने नुसत्या काळ्या मातीचं मडकं तडकतं. म्हणून लीद आणि राख. लीदीतला काडीकचरा आव्यात जळून जातो आणि तिथे बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडून जातं, आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. माठ गार ठेवतो तो असा. तळ्यातला गाळ मिसळला तर माती आणखी चांगली होते. पण आता गाळाला गिऱ्हाईक वाढलंय. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ शेतात जातो. शेताचं भलं होतं, आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. पण उपसा संपला की आमच्यासाठी गाळ उरत नाही. म्हणून आम्ही ग्रामसभेत उठून मागितलं, की आमच्या वाड्यासाठी दोन ट्रॉल्या गाळ बाजूला काढा. पहिल्या वर्षी ऐकलं नाही, दुसऱ्या वर्षी मिळाला. तो गाळ एकदा चांगला मुरवला की वर्षभर पुरतो. कच्चा माल हातात असला तरच काम हातात राहतं.

दुसरी गोष्ट शरीर. हे आम्ही उशिरा शिकलो. विशीत माती तुडवताना कंबर कुठे आहे ते कळतही नाही. चाळिशीत कळतं. आम्ही आता एकच काम दिवसभर करत नाही. सकाळी तुडवणं, दुपारी बसून घोटणं, संध्याकाळी उभ्याने मांडणी. घमेलं अर्धंच भरायचं आणि फेऱ्या दोन करायच्या, यात कमीपणा काही नाही. जिचे गुडघे धरलेत तिने खाली बसू नये, बाजेवर नाहीतर स्टुलावर बसून काम करावं. आणि वय वाढेल तसं काम बदलावं. थोरल्या जाऊबाई आता माती उचलत नाहीत. त्या आवा उघडल्यावर माठ वाजवून बघतात. खणखणला तर पक्का, भद्द वाजला तर चिरलेला. तो कान पंचेचाळीस वर्षांचा आहे, तो तरुण सुनेकडे नाही. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी वाजवून पक्कं मडकं कोणतं, कच्चं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट आपण सगळ्या कीर्तनात ऐकतो. ऐकून पारख करणं हेही कामच आहे. आमच्या गटात त्याचा वाटा धरतो.

शरीराचीच एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. धूळ. वाळलेली माती कुटताना आणि चाळताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर सिलिकोसिस नावाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई शेवटची तीन-चार वर्षं नुसत्या खोकत होत्या. आम्ही म्हणायचो चुलीचा धूर असेल, म्हणायचो तंबाखू असेल. काय होतं ते आता कळायचं नाही. पण आता आम्ही चाळणीला बसताना पदरावर भागवत नाही, नाकातोंडावर घट्ट मास्क लावतो. वाऱ्याकडे पाठ करून बसतो. शेड झाडण्याआधी पाणी शिंपडतो. होईल तेवढी माती आधी भिजवून मग गाळून घेतो. आणि लेकरांना त्या वेळी जवळ खेळू देत नाही. मास्क सोडला तर यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट वर्ष. मातीच्या कामाला महिन्याचा पगार नाही, सणाचा आहे. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, अक्षय तृतीयेला केळी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट आणि परळ, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. मध्ये पावसाळा. पावसात माती वाळत नाही, गोवऱ्या ओल्या, आवा लागत नाही. पूर्वी दर पावसाळ्यात आम्ही हातउसने घ्यायचो आणि दिवाळीच्या पणत्या विकून ते फेडायचो. म्हणजे पणत्या आमच्या नव्हत्याच, त्या सावकाराच्या होत्या. गट झाल्यावर आम्ही एक नियम केला. प्रत्येक सणाच्या विक्रीतून दहा रुपयांमागे एक रुपया पावसाळ्यासाठी बाजूला. त्याला आम्ही ‘वळचण’ म्हणतो. जुलै-ऑगस्टमध्ये वळचणीतून प्रत्येकीला किराण्यापुरते पैसे मिळतात. हा एक नियम नसता तर आमच्यातल्या निम्म्याजणी केव्हाच उसाच्या तोडीला नाहीतर कांद्याच्या खुरपणीला गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या.

चौथी गोष्ट वही. आमच्यातली सगळ्यात धाकटी सून बारावी झालेली आहे. ती आली तेव्हा तिने विचारलं, “एका आव्यात किती फुटतात?” आम्ही म्हणालो, फुटतात थोडी. ती म्हणाली, “थोडी म्हणजे किती?” कुणालाच सांगता येईना. मग तिने वही घातली. माती कुठली, राखेची घमेली किती, सुकायला किती दिवस दिले, इंधन गोवऱ्या की उसाचं पाचट, फुटली किती. दोन उन्हाळ्यांनी वहीतून दिसलं की आमचे जास्त माठ आव्यात फुटतच नव्हते. ते सुकतानाच बारीक चिरत होते आणि आव्यात फक्त उघडे पडत होते. पश्चिमेच्या वाऱ्याला ठेवलेल्या माठाची एक बाजू आधी वाळायची, आधी आकसायची, आणि दुसरी ओली बाजू तिला ओढून धरायची. आता आम्ही गोणपाट ओलं करून वाऱ्याकडच्या बाजूला टाकतो आणि दिवसातून दोनदा माठ फिरवतो. फूट निम्म्यावर आली. इतक्या वर्षांत हे कळलं नव्हतं असं नाही. थोरल्यांना ते माहीत होतं, पण लिहिलेलं नसल्याने दर नव्या सुनेला नव्याने फोडून शिकावं लागत होतं.

वहीचं महत्त्व मोठ्या कलावंतांनाही कळलेलं आहे. निर्मला पटवर्धन या आपल्या देशातल्या नावाजलेल्या सिरॅमिक कलावंत. सिरॅमिक म्हणजे आपलंच मातीचं काम, फक्त भट्टी जास्त तापवतात आणि भांड्यावर काचेसारखी झिलई चढवतात. त्या झिलईची मिश्रणं पुष्कळ जण गुपित ठेवतात. निर्मलाताईंनी आयुष्यभर केलेले प्रयोग ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ नावाच्या इंग्रजी पुस्तकात सगळ्यांसाठी छापून ठेवले. पुढच्या मुलामुलींना त्यांच्या पुढून सुरुवात करता आली.

वहीनेच आम्हाला भाव शिकवला. आधी आम्ही खर्च धरायचो फक्त गोवऱ्यांचा आणि टेम्पोचा. सुनेने वहीत आमचे तास लिहिले आणि विचारलं, “खुरपायला गेलात तर रोज मिळतो. मग इथला रोज कुठे आहे?” तेव्हापासून माठाच्या किमतीत आमचा रोज धरतो. गिऱ्हाईक घासाघीस करतं, काही जातं. जे राहतं त्याच्यावर घर चालतं.

पाचवी गोष्ट अवघड आहे. चाक. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की बाईचा हात चाकाला लागू नये, चाकाला विटाळ होतो. का, ते कुणी सांगितलं नाही. पण त्याचा परिणाम काय झाला ते सांगतो. आमच्या वाड्यातल्या एका घरातला कर्ता माणूस अचानक गेला. माती मळलेली होती, आवा होता, गिऱ्हाईक होतं, बाईला बाकी सगळी कामं येत होती. फक्त चाक येत नव्हतं. ते घर एका वर्षात कामातून उठलं. आज ती बाई दुसऱ्याच्या शेतावर जाते. आमच्या गटात ती दहावी असती.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे चाकाशिवाय जे घडतं ते वाढवलं. चुली, शेगड्या, पोळ्याचे बैल, झाडांच्या कुंड्या, भातुकली. हाताने घडवलेलं कमी दर्जाचं, असं कुणी म्हणालं तर त्याला मणिपूरची गोष्ट सांगा. तिथे थोंगजाओ गावच्या नीलमणी देवी चाकाशिवाय भांडी घडवतात. तिथे भांडं फिरत नाही, बाई भांड्याभोवती फिरते. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट, धाकट्या सुनेने विजेच्या चाकावर बसायचं ठरवलं. घरात बोलणं झालं, रुसवे झाले. तिची सासू म्हणजे थोरल्या जाऊबाईच. त्यांनी एका वाक्यात मिटवलं. म्हणाल्या, “माझ्या हातची माती चालते, तिच्या हातचं चाक का चालत नाही?” पहिले दोन महिने तिच्या हातून वाकडंच उतरलं. आता परळ आणि पणत्या ती एकटी काढते. माठ अजून जमत नाही. जमेल.

आता परत त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. नावाकडे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको म्हणून भाग आहे. तिथल्या आदिवासी वस्तीत मारिया मार्टिनेझ नावाची कुंभारीण होऊन गेली. १८८७ साली जन्मली आणि १९८० साली वारली. जवळजवळ सगळं आयुष्य मातीत. तिच्याकडेही चाक नव्हतं. मातीच्या वळकट्या एकावर एक रचून ती भांडं उभं करायची. दगडाने घोटायची, आणि आव्यावर शेणाचा भुगा टाकून धूर आतच कोंडायची, म्हणजे भांडं काळं कुळकुळीत निघायचं. आपल्याकडे काळी गाडगी करतात तशीच रीत. नवरा नक्षी काढायचा. त्यांच्यात भांड्यावर नाव घालायची पद्धत नव्हती. पण बाहेरचं गिऱ्हाईक यायला लागलं तशी १९२०च्या दशकात ती भांड्याच्या बुडाला आपलं नाव कोरायला लागली. नंतर तिचं आणि नवऱ्याचं, दोघांचं. नवरा १९४३ साली गेला. मग तिच्या भांड्यांची नक्षी सून काढायला लागली, तिचं नाव सान्ताना. तेव्हापासून बुडाला सासूचं आणि सुनेचं, दोघींची नावं. आज ती भांडी मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि नक्षी सासूच्या हातची नाही, सुनेची आहे, हे सगळ्यांना कळतं.

सासू-सुनेची नावं एका भांड्यावर, हे ऐकून आमच्या ओट्यावर बराच वेळ हशा चालला. पण दुसऱ्या दिवशी धाकटीने एक खिळा घेतला आणि ओल्या माठाच्या बुडाला दोन अक्षरं कोरली. एक तिचं, एक सासूबाईंचं. आता आम्ही सगळ्या कोरतो. गिऱ्हाईक बूड बघत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण मागच्या उन्हाळ्यात एक बाई माठ घेऊन परत आली. चिरला असेल म्हणून आम्ही घाबरलो. ती म्हणाली, “ही दोन अक्षरं असलेलाच द्या, आधीचा फार गार होता.”

मातीच्या बुडाला नाव आलं. आता कागदाचं. २०२३ साली १७ सप्टेंबरला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात अठरा प्रकारचे कारागीर धरले आहेत, कुंभार त्यात आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रावर आधार कार्डाने होते, पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडून होते. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्याचे दिवसाला ५०० रुपये. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. तारणाशिवाय पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ते फेडलं की दुसरं दोन लाखांपर्यंत, व्याज पाच टक्के. कर्ज हे कर्जच आहे, फेडायची वाट दिसत असेल तरच घ्या. पण यात एक अट आहे, आणि ती आमच्या घराघरांत वाजली. एका कुटुंबातून एकच नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

कुणाचं नाव? आमच्या नऊ घरांत हा प्रश्न नऊ तऱ्हेने आला. एका घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. एकीचा नवरा म्हणाला, “चाक माझं, तर नाव कुणाचं?” ती म्हणाली, “चाक एक, कामं अठरा.” दोघंही खरं बोलत होते. सगळीकडे बाई जिंकली असं आम्ही सांगणार नाही. चार घरांत बाईचं नाव लागलं. तीन घरांत नवऱ्याचं लागलं, आणि त्यातल्या दोघींनी स्वतःच तसं सांगितलं, कारण जुनं चाक फिरवून नवऱ्याचा खांदा गेला होता आणि त्याला विजेचं चाक आधी हवं होतं. दोघींच्या घरी आधीचं दुसऱ्या योजनेचं कर्ज फिटायचं राहिलंय, त्या थांबल्या आहेत.

पण ज्यांचं नाव तिथे लागलं नाही त्यांनी तिथेच सोडू नका. ई-श्रम कार्ड असंघटित कामगाराला स्वतःच्या नावाने मिळतं, १६ ते ५९ वर्षांपर्यंत, आणि त्यात व्यवसाय लिहावा लागतो. तिथे कुंभारकाम लिहा. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाचं ‘पहचान’ नावाचं कारागीर ओळखपत्र असतं, त्याचीही चौकशी करा. आणि आमच्या धाकट्यांसारख्या अठरा ते चाळीस वयातल्या ज्या आहेत, त्यांनी श्रमयोगी मानधन योजना बघा. दर महिन्याला वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तेवढीच भर घालतं, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये. हात थकतील तेव्हाची ही वळचण आहे. थोरल्यांच्या वेळी ती नव्हती.

आणि जिथे जिथे कागदावर व्यवसाय विचारतील, बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, तिथे दुसऱ्याला उत्तर देऊ देऊ नका. पापड लाटत असाल तर पापड उद्योग सांगा. शेळ्या असतील तर पशुपालन सांगा. लिहून झाल्यावर वाचून दाखवा म्हणा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. विश्वकर्मा योजनेत ज्या चौघींची नावं लागली त्यात थोरल्या जाऊबाई आहेत. भाऊजींचे हात आता थरथरतात, ते स्वतःच म्हणाले, तुझं लाव. केंद्रावर आम्ही सगळ्या सोबत गेलो होतो. मुलाने संगणकावर निवडलं आणि म्हणाला, “झालं आजी.” जाऊबाई म्हणाल्या, “काय लिहिलं ते वाच.” त्याने वाचलं, “व्यवसाय, कुंभार.” त्या म्हणाल्या, “कुंभारीण नाही का?” तो म्हणाला, “यात तसं नाही आजी, कुंभारच आहे.” त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “असू दे. अजून एकदा वाच.”

मैत्रिणींनो, संक्रांत येईल तेव्हा तुम्ही सुगडं घ्यायला बाजारात जाल. विकायला बसलेल्या बाईला नुसता भाव विचारू नका, घडवली कुणी तेही विचारा. ती बहुतेक आधी नवऱ्याचं नाव सांगेल. मग विचारा, आणि मळली कुणी, सुकवली कुणी, भाजली कुणी?

आमच्या ओट्यावर कधीही या. माती ओली असेल तर हातही लावून बघा.